राक्षस जरा जास्त झाले

तीन हजार वर्षांपूर्वी मेलेला मांत्रिक पहिल्याच प्रकरणात शवपेटीतून उठून बसतो. पुढे राजवाड्याच्या तळघरात माणसं खाणारं वानर निघतं, खेमी नावाच्या शहराच्या रस्त्यावरून देवाचा अजस्र साप रात्री मोकाट फिरतो आणि पिरॅमिडच्या पोटात शतकानुशतकं तरुण राहिलेली राजकन्या पाहुण्याच्या मानेवर नजर ठेवून बसलेली असते. हे सगळं शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलेला वाचक पुस्तक मिटतो, चष्मा पुसतो आणि गंभीरपणे म्हणतो, "काही ठिकाणी अतिशयोक्ती वाटली." काही ठिकाणी! पुस्तक आहे रॉबर्ट ई. हॉवर्ड यांचं 'द अवर ऑफ द ड्रॅगन'. टेक्ससमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या छोट्या गावात बसून त्यांनी कोनन या रांगड्या सिमेरियन वीराच्या कितीतरी कथा लिहिल्या, पण त्याच्यावर कादंबरी लिहिली ही एकच. 'वीअर्ड टेल्स' या मासिकात ती डिसेंबर १९३५ ते एप्रिल १९३६ अशी पाच हप्त्यांत आली आणि तेव्हापासून तिच्याबद्दल मतं देणं चालू आहे. माझं म्हणणं असं, की यातली बहुतेक मतं ही मतं नसून सारवासारव आहे. माणूस मजेसाठी वाचायला बसतो, मजा त्याला भरपूर मिळते आणि मग ती चारचौघांत कबूल कशी करायची या विचाराने तो घाबरतो. घाबरला की तो चिकित्सक होतो. तलवार नि जादूच्या गोष्टींबद्दल इतकं कडक बोलणारी माणसं मुळात त्या वाचतातच कशाला, या कोड्याचं दुसरं उत्तर मला तरी दिसत नाही.

पहिला पुरावा कादंबरीच्याही आधीचा आहे. 'वीअर्ड टेल्स'मध्ये वाचकांच्या पत्रांचं 'द आयरी' नावाचं सदर असे. नोव्हेंबर १९३४ च्या अंकात तिथे मिल्वॉकीच्या एका सतरा वर्षांच्या मुलाचं पत्र आलं. कोननचा आपल्याला वीट आलाय, हा त्याचा सूर. प्रत्येक वेळी मांत्रिक नवा, राक्षस नवा, जिवावरचा प्रसंग नवा आणि शेवटी वीराच्या गळ्यात पडणारी बाईही नवी, शिवाय तिच्या अंगावर कपडे बेताचे असल्यामुळे मुखपृष्ठ तिलाच, अशी त्याने खिल्ली उडवली. आता ही यादी जरा न्याहाळा. ती करायला अंक वाचावे लागतात, एकही न चुकवता वाचावे लागतात आणि आधीच्या अंकातला राक्षस कोणता होता हे ध्यानात ठेवावं लागतं. विटलेला माणूस एवढी नोंदवही ठेवत नाही. ज्याला शेवग्याची शेंग आवडत नाही तो ताटातली एक शेंग बाजूला सारतो. किती आमट्यांत किती शेंगा होत्या याचा हिशेब लिहून ठेवत नाही. कोननच्या चाहत्यांनी या पोराला त्याच सदरातून चांगलंच फैलावर घेतलं. पण खरी गंमत पुढेच आहे. या पोराचं नाव रॉबर्ट ब्लॉक. जानेवारी १९३५ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांनी, त्याची स्वतःची कथा त्याच मासिकात छापून आली आणि १९५९ मध्ये त्याने 'सायको' लिहिली, जिच्यावर हिचकॉकने सिनेमा काढला. म्हणजे राक्षस फार झाले म्हणणाऱ्याने पुढे त्यांना रीतसर हॉटेल काढून दिलं.

दुसरा पुरावा असा, की या कादंबरीवरच्या तक्रारी जोडीने येतात आणि जोडीतल्या दोघी एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. एक वाचक म्हणतो, "नायक फारच अजिंक्य आहे, त्याला काही होतच नाही." दुसरा म्हणतो, "नायक कसला? सारखा पकडला जातो." दोघांनी एकच पुस्तक वाचलंय. पाहायला गेलं तर दुसरा जास्त जवळ आहे. अ‍ॅक्विलोनिया या देशाचा राजा असलेला हा कोनन ऐन लढाईच्या सकाळी जादूने लुळा पडून तंबूत झोपलेला असतो. त्याचं चिलखत घालून दुसराच माणूस लढायला जातो आणि कोसळत्या कड्याखाली सैन्यासकट गाडला जातो. मग राजा शत्रूच्या तळघरात. तिथून सुटला तर वाटेत एका लुटारू सरदाराच्या तावडीत. तिथून निसटला तर मेसँशियाच्या किनाऱ्यावर टाळक्यात दणका बसून आडवा. शुद्धीवर येतो तो परक्या गलबतावर. या सगळ्या धावपळीचं कारण एक रत्न, ज्याच्याशिवाय त्या उठून बसलेल्या मांत्रिकाला परत झोपवता येत नाही. ते चोराकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून सरदाराकडे, सरदाराकडून त्याच्याच माणसाकडे आणि तिथून स्टायजियाच्या पुजाऱ्याकडे जातं. कोनन प्रत्येक ठिकाणी घामाघूम होऊन पोचतो आणि कळतं काय, तर माल नुकताच पुढे गेला. मजा म्हणजे अगदी सुरुवातीला, तळघरातून पळताना, ते रत्न चोराच्या हाती दिलं जाताना त्याने आडून पाहिलेलं असतं, पण तेव्हा त्याची किंमत ठाऊक नसते. असा हा अजिंक्य पुरुष. तरी वाचकाला तो अजिंक्य का वाटतो? कारण पडल्यावर तो पुढच्या परिच्छेदात उठतो आणि आपल्याला पान उलटण्याची एवढी घाई असते की तो पडला होता हेच आपण विसरतो. सकाळी मत देताना घाई आठवत नाही, फक्त उठणं आठवतं.

"पण साहेब, तेच तेच आहे," हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. राजा कैदेत, तळघर, सुटका, मांत्रिकाशी शेवटची लढाई हा सांगाडा हॉवर्ड यांनी 'द स्कार्लेट सिटाडेल' या जानेवारी १९३३ च्या कथेत वापरला होता, आणि तीन हजार वर्षांनी जागा होणारा मांत्रिक त्याच वर्षीच्या 'ब्लॅक कोलोसस'मध्ये येऊन गेला होता. पण का वापरला ते पाहा. लंडनच्या एका प्रकाशकाकडे त्यांनी कथासंग्रह पाठवला होता. प्रकाशकाचं उत्तर आलं, की कथासंग्रह खपत नाहीत, कादंबरी असेल तर बघू. हॉवर्ड यांनी सरळ हिशेब केला, की इंग्रज वाचकाने माझं काही वाचलेलं नाही, तेव्हा घरातलं उत्तम सामान काढून त्याच्यापुढे मांडावं. १९३४ च्या वसंतात सत्तर हजारांहून जास्त शब्दांची कादंबरी लिहून त्यांनी लंडनला धाडली. ती घेतलीही गेली, पण छापायच्या आत प्रकाशनसंस्थाच बुडाली. मग ती आली 'वीअर्ड टेल्स'मध्ये, म्हणजे जे सामान आधी बघितलेलं होतं नेमक्या त्याच वाचकांच्या दारात. पंचवीस सेंटला एक अंक, असे पाच. "हे आम्ही वाचलंय" ही तक्रार त्यांनी केली असेल तर ती शंभर टक्के खरी होती. माझा मुद्दा एवढाच, की दुसऱ्याच हप्त्यात हे लक्षात आलेल्या माणसाला तिसरा, चौथा आणि पाचवा अंक विकत घ्यायला बंदुकीच्या धाकाने कोणी नेलं नव्हतं.

नावाबद्दलची कुरकुर वेगळीच. "ड्रॅगन कुठे आहे?" असं विचारणारे वाचक दर पिढीत जन्माला येतात. ड्रॅगन आहे, पण झेंड्यावर. नेमेडिया या शत्रुराष्ट्राचं ते निशाण. इतकी भुतंखेतं पुरवूनही, कबूल केलेलं एक जनावर दिलं नाही म्हणून लोक रुसतात. १९५० मध्ये ग्नोम प्रेसने ही कादंबरी पहिल्यांदा पुस्तकरूपात काढली आणि तिचं नाव बदलून 'कोनन द कॉन्करर' केलं. त्यात कोनन कोणाचंही राज्य जिंकत नाही. गेलेलं स्वतःचं राज्य परत मिळवतो, बस्स. उलट साम्राज्य उभारायचा सल्ला मिळतो तेव्हा आपलं आहे तेवढं पुरे म्हणून तो नाही म्हणतो. म्हणजे पहिल्या नावात नसलेला ड्रॅगन, दुसऱ्या नावात नसलेला दिग्विजय. त्यात १९६० च्या दशकात फ्रँक फ्रॅझेटाची चित्रं आली आणि मुखपृष्ठांवर स्नायूंचे डोंगर उभे राहिले. १९८२ मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगरचा सिनेमा आला. आता वाचक येतो तो लंगोट लावलेल्या, दहा मिनिटांत एक वाक्य बोलणाऱ्या तरुणाच्या शोधात, आणि त्याला सापडतो चिलखत घातलेला, कैक भाषा बोलणारा, प्रजेची काळजी वाहणारा पोक्त राजा. "हा खरा कोनन नव्हे," असं तो हॉवर्डलाच सुनावतो. मूळ माणसाला त्याच्याच फोटोशी ताडून नापास करण्याचा अधिकार वाचकाला कोणी दिला, हे विचारायची सोय नाही.

नावांचा विषय निघालाच आहे तर एच. पी. लव्हक्राफ्ट यांचं मतही पाहू. ते हॉवर्ड यांचे पत्रमित्र आणि चाहते, पण त्यांनाही एक गोष्ट खटके: हॉवर्ड आपल्या काल्पनिक देशांना खऱ्या प्राचीन नावांच्या फार जवळची नावं देतात. तक्रार कोण करतंय? तर ज्यांच्या स्वतःच्या कथांतल्या देवाचं नाव उच्चारायला आधी मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात असे गृहस्थ. तरी तक्रार खोटी नाही, हे मराठी वाचकाइतकं कोणाला कळणार? १९३४ च्या 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल'मध्ये 'वेंध्या' नावाचा देश आहे. त्याची राजधानी अयोध्या, त्यात क्षत्रिय, उत्तरेला 'हिमेलियन' पर्वत आणि राज्य करते देवी यास्मिना. इकडे 'ड्रॅगन'मध्ये अ‍ॅक्विलोनियाचे लोक मित्र या देवाला भजतात आणि त्याच राज्यात लपूनछपून असुराचे उपासक राहतात. आपला वाचक सावरून बसतो: असुर म्हणजे खलनायक येणार. येतात ते उपकारकर्ते! कोनन राजा असताना त्याने त्यांना त्यांच्या देवाची पूजा करू दिली होती, त्याची जाण ठेवून हे असुरभक्त त्याला लपवतात, रत्नाची माहिती देतात आणि त्यांच्या पंथाचं प्रेत नेणाऱ्या काळ्या होडीतून नदीमार्गे पुढे सोडतात. शिवाय ज्या रत्नावर सगळा डाव टिकलाय त्याचं नाव 'अहुरा'चं नव्हे, अहरिमनचं हृदय. देवदानवांची अशी गल्लत पाहून एखाद्या शास्त्रीबुवांना भोवळ यावी. पण इथेही माझाच मुद्दा पुढे सरकतो. "नावं उगाच उचललीत," म्हणणारा वाचक नकाशा पुढे घेऊन, कोणतं नाव कुठून उचललं हे शोधत बसलेला असतो, आणि या शोधात त्याला जी मजा येते ती कादंबरीनेच फुकट पुरवलेली आहे.

भाषा भडक आहे, ही आणखी एक सार्वकालिक तक्रार. रक्त लालभडक, अंधार काळाकुट्ट, मनगटं पोलादी, एकही विशेषण घरी ठेवलेलं नाही, हे मान्य. पण हॉवर्ड टाइप करताना वाक्यं खड्या आवाजात बोलत, असं त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. ही भाषा कानासाठी घडली आहे. ती पंख्याखाली आरामखुर्चीत मनातल्या मनात वाचून तिच्यावर भडकपणाचा ठपका ठेवणं म्हणजे तमाशाचा वग वर्तमानपत्रात छापून घेऊन ढोलकी ऐकू आली नाही म्हणण्यातला प्रकार. आणि भडक भाषेवर बोलणाऱ्याला एकदा विचारून पाहावं:

"कुठला भाग सगळ्यात भडक?"

"तो खेमीच्या पिरॅमिडमधला. ती बाई अंधारात जवळ येते ना, तो."

"आणि?"

"आणि पहिली लढाई. कडा कोसळतो ती. शिवाय शेवटची लढाई. मांत्रिकाची परत ममी होते ती तर फारच."

सगळं तोंडपाठ. संयत, अभिरुचीसंपन्न कादंबऱ्यांतली किती पानं याच गृहस्थांना अशी सांगता येतील, हे विचारायचं धाडस सभ्य माणसाने करू नये.

कोणी म्हणेल, की तुम्ही सगळ्याच तक्रारींना ढोंग ठरवताय. पुस्तकात खरे दोष नाहीतच का? आहेत, आणि ठसठशीत आहेत. दक्षिणेकडच्या काळ्या माणसांकडे ज्या नजरेने पाहिलंय ती १९३० च्या दशकातल्या टेक्ससची नजर आहे आणि आज वाचताना ती टोचलीच पाहिजे. बायकांबद्दलची तक्रारही निम्मी खरी आहे. मार्गारेट ब्रंडेज यांनी रंगवलेल्या उघड्यावाघड्या मुखपृष्ठांवर तर वाचकांची पत्रापत्री अंकामागून अंक चालली. पण दुसरा निम्मा भाग लोक सोयीने गाळतात. तळघरात साखळ्यांनी जखडलेल्या या महाबलाढ्य राजाला सोडवतं कोण? झेनोबिया, शत्रूच्या जनानखान्यातली एक मुलगी. ती पहारेकऱ्यांची सोय लावते, किल्ल्या आणते आणि गजांतून एक कट्यार त्याच्या हाती देते. इथे हॉवर्ड क्षणभर थांबून ती कट्यार दाखवतात: रत्नजडित मुठीचं नाजूक खेळणं नव्हे, तर रुंद पात्याचं, पंधरा इंचांचं, सरळ लढाऊ हत्यार. सगळ्या कादंबरीत मांत्रिक, राजे, सरदार चुकीच्या वेळी चुकीची वस्तू घेऊन धावत असतात. काम काय आहे ते ओळखून नेमकी वस्तू आणणारी ही एकटी. शेवटी शरण आलेल्या शत्रुराजाच्या सुटकेची किंमत म्हणून कोनन सोनं मागत नाही, झेनोबियाला मागतो, राणी करायला. राज्यकारभार चालवायचा तर एवढं सामान्यज्ञान असलेलं माणूस घरात हवं, हे त्याला तळघरातच कळलेलं असावं. तेव्हा खरे आक्षेप जरूर घ्यावेत. फक्त ते घेणारा माणूस आधी राक्षसांची संख्या, मग भाषा, मग नावं, मग लांबी असं करत चौथ्या-पाचव्या क्रमांकावर माणुसकीपाशी पोचतो, तेव्हा शंका येते.

उलट बाजूचे, म्हणजे पुस्तकाचे भक्त, तरी सरळ बोलतात का? मुळीच नाही. त्यांची सारवासारव फक्त जास्त विद्वान असते. "ही साहसकथा नाहीच," ते सांगतात, "हा संस्कृती आणि रानटीपणा यांच्यातल्या संघर्षाचा विचार आहे." विचार आहेच, पण वानर गजाआडून हात घालतं त्या पानावर कोणाच्या डोक्यात तो असतो? दुसरा पंथ संहिताशुद्धीवाल्यांचा. एल. स्प्रेग द कँप यांनी हॉवर्ड यांच्या पश्चात कोननच्या कथा संपादित केल्या, अपुऱ्या होत्या त्या पुऱ्या केल्या, नव्याही रचल्या; त्यावरून जे रणकंदन झालं त्यापुढे कादंबरीतल्या लढाया पोरखेळ वाटाव्यात. १९७७ मध्ये कार्ल एडवर्ड वॅग्नर यांनी मासिकातला मूळ पाठ पुन्हा छापला तेव्हा या मंडळींना रत्न सापडल्याचा आनंद झाला. तो आनंद रास्तच होता. पण रात्र रात्र जागून वाचायला लावणाऱ्या गोष्टीबद्दल बोलताना स्वल्पविरामांच्या आड लपायची गरज त्यांनाही पडते, हे नोंदवायला हवं. या जातीच्या गोष्टींना 'सोर्ड अँड सॉर्सरी' हे नाव फ्रिट्झ लायबर यांनी सुचवलं ते १९६१ मध्ये. हॉवर्ड तर १९३६ च्या जूनमध्ये, शेवटचा हप्ता येऊन दोन महिने होतात न होतात तोच, तिशीतच गेले होते. म्हणजे बारसं व्हायच्या पंचवीसहून जास्त वर्षं आधीपासून लोकांनी या पोराला नावं ठेवायला सुरुवात केली होती.

एकच माणूस या सगळ्यात अजिबात लाजलेला दिसत नाही, तो म्हणजे खुद्द लेखक. आपण पाहिलेले मुष्टियोद्धे, बंदूकबाज, चोरटी दारू विकणारे, तेलविहिरींवरचे दांडगट, जुगारी या सगळ्यांना एकत्र करून कोनन झाला, असं हॉवर्ड यांनी पत्रात मोकळेपणाने सांगितलंय. ना संस्कृतीसंघर्षाचं सोंग, ना भाषेबद्दल दिलगिरी. आता कोणी मला विचारेल, "मग तुम्ही तरी एवढा युक्तिवाद का रचलात? आवडली म्हणून मोकळे का झाला नाहीत?" प्रश्न बिनतोड आहे. एका साध्या शब्दाने जे भागलं असतं त्यासाठी इतके पुरावे गोळा करणारा माणूस याच टोळीतला, हे वाचकाने एव्हाना ओळखलंच असेल. निदान माझी सारवासारव इतरांच्या सारवासारवीवर आहे, हा फरक लक्षात घ्यावा. सांगायचं ते इतकंच, की मत देण्याआधी माणसाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे पुस्तक खाली ठेवून मी मध्येच उठू शकलो होतो का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल टीका करावी, ती खरी असेल. 'नाही' असेल तर विशेषणं आवरावीत. आणि पुढच्या वेळी कोणी हळूच विचारलं, "वाचू का रे?" तर अतिशयोक्ती, पुनरुक्ती, अभिरुची यांतलं काहीही न काढता त्याला कामाचं उत्तर द्यावं: "उद्या लवकर उठायचं नसेल तर वाच."